एक प्रत काढायची आहे

जेसन एपस्टाइन हे यंत्रातले गृहस्थ नव्हते. त्यांची सगळी हयात संपादनात गेली. पंचविशीच्या आसपास, १९५३ मध्ये, त्यांनी डबलडे या प्रकाशनसंस्थेत ‘अँकर बुक्स’ ही मालिका काढली आणि गंभीर, दर्जेदार पुस्तकं कागदी बांधणीत स्वस्तात विकता येतात हे अमेरिकेला दाखवून दिलं. पुढे ते रँडम हाउसमध्ये अनेक वर्षं संपादकीय प्रमुख होते. १९६३ साली संपामुळे न्यूयॉर्कची वर्तमानपत्रं बंद पडली असताना ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’ सुरू करणाऱ्या मंडळींतही ते होते. अशा माणसाने सत्तरी ओलांडल्यावर एक छपाईयंत्र बाजारात आणायचा ध्यास घेतला, तो एका जुन्या दुखण्यापायी.

दुखणं असं, की चांगली पुस्तकं मरत होती. वाचक संपले म्हणून नव्हे, तर दुकानातली फळी महाग झाली म्हणून. मॉलमधल्या दुकानाचं भाडं भरायचं तर महिन्यात शंभर प्रती खपणारं पुस्तकच दर्शनी ठेवावं लागतं. वर्षाला चाळीस प्रती खपणारं, पण वीस वर्षं खपत राहणारं पुस्तक मागे पडतं, मग परत जातं, मग आवृत्ती संपते आणि पुन्हा निघत नाही. एपस्टाइन यांनी १९९९ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत व्याख्यानं दिली, त्यात यावर एक तोडगा मांडला. पुस्तकाची फाइल जपून ठेवा आणि ज्याला हवं त्याला, हवं तेव्हा, त्याच्या जवळच्या दुकानात एकच प्रत छापून द्या. सेंट लुइसच्या जेफ मार्श या संशोधकाने असं यंत्र बनवलं होतं, ते त्यांच्या पाहण्यात आलं. डेन नेलर यांना भागीदार करून त्यांनी २००३ मध्ये ‘ऑन डिमांड बुक्स’ ही कंपनी काढली. यंत्राला नाव दिलं ‘एस्प्रेसो बुक मशीन’. कॉफी पिऊन होईपर्यंत पुस्तक तयार, हा त्यातला मतलब.

एक प्रत छापणं ही इतकी मोठी गोष्ट का, हे आपल्याकडच्या छापखान्याच्या हिशेबानेच पाहू. दोनशे चाळीस पानांचं पुस्तक, सोळा पानी पंधरा फर्मे. ऑफसेटवर घ्यायचं तर प्रत्येक फर्म्याच्या प्लेटा काढा, मशीनवर चढवा, शाई आणि रजिस्ट्रेशन जुळेपर्यंत कागद वाया घालवा. समजा या तयारीला पंधरा हजार रुपये लागले आणि पुढे कागद, छपाई, बांधणी मिळून प्रतीमागे साठ. हजार प्रती काढल्या तर एक प्रत पंच्याहत्तरला पडते. शंभर काढल्या तर दोनशे दहाला. दहाच काढल्या तर एकेक प्रत दीड हजारावर जाते. डिजिटल यंत्राला प्लेटच नसते. ते फाइल वाचतं आणि टोनरने कागदावर उमटवतं. त्यामुळे पहिली प्रत काय आणि पाचशेवी काय, खर्च तेवढाच. तो दीडशे धरला, तर साधारण एकशे पासष्ट प्रतींपर्यंत डिजिटल परवडतं आणि त्यापुढे ऑफसेट. आकडे उदाहरणापुरते आहेत, छापखान्यागणिक बदलतील, पण खर्चाच्या दोन रेघा कुठेतरी एकमेकींना छेदतात हे पक्कं. ज्यांच्या पलंगाखाली स्वतःच्या कवितासंग्रहाचे गठ्ठे आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत याला आणखी एक पदर होता. तिथे न खपलेली पुस्तकं दुकानदार प्रकाशकाला परत करतो आणि पूर्ण रक्कम वजा करून घेतो. ही रीत महामंदीच्या काळात रुजली. दुकानदारांनी निदान पुस्तकं ठेवावीत तरी, म्हणून सायमन अँड शुस्टरसारख्या प्रकाशकांनी ती सुरू केली. मंदी गेली, रीत राहिली. म्हणजे पुस्तक छापायचं, ट्रकने पाठवायचं, काही महिन्यांनी त्यातलं बरंचसं ट्रकनेच परत आणायचं आणि शेवटी लगद्याला घालायचं. एपस्टाइन यांच्या यंत्राने हा सगळा फेराच मोडीत निघणार होता. विकलं गेल्यावरच छापायचं म्हटल्यावर परत काय येणार?

यंत्र दिसायला मोठं मजेदार होतं. एका अंगाला पानं छापणारा वेगवान काळा-पांढरा प्रिंटर, दुसरीकडे मुखपृष्ठाचा रंगीत प्रिंटर, आणि मधला सगळा भाग पारदर्शक, आतलं दिसावं म्हणून. दुकानातला माणूस संगणकावर पुस्तक निवडतो. त्याच्या दोन फाइली असतात, एक आतल्या मजकुराची, एक मुखपृष्ठाची. पानं दोन्ही बाजूंनी छापून खाली पडत राहतात आणि त्यांचा गठ्ठा जमतो. यंत्र तो ठोकून सरळ करतं आणि चिमट्यात पकडतं. मग कण्याची बाजू खरवडली जाते, म्हणजे डिंक धरावा. खरवडलेल्या कण्यावर गरम डिंकाचा रूळ फिरतो आणि गठ्ठा मुखपृष्ठावर टेकवून दाबला जातो. उरतात तीन कडा. पातं त्या एकामागून एक कापतं, कातरणाच्या पट्ट्या खाली जातात आणि बाजूच्या घसरगुंडीतून पुस्तक बाहेर येतं. हातात घेतलं की कणा अजून कोमट लागतो. तीनशे पानांना पाचेक मिनिटं. आपल्याकडे परफेक्ट बाइंडिंगच्या कारखान्यात जे चार-पाच कारागीर करतात, ते इथे एका पेटीत.

२००६ मध्ये पहिलं यंत्र वॉशिंग्टनला जागतिक बँकेच्या पुस्तकदुकानात बसलं. २००७ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या एका शाखेत ते लोकांना दाखवलं गेलं आणि त्या वर्षीच्या उत्तम शोधांच्या यादीत ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याची वर्णी लावली. २००८ मध्ये व्हरमाँट राज्यातल्या मँचेस्टर या छोट्या गावातल्या नॉर्थशायर बुकस्टोरने ते घेतलं. २००९ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडवरचं ब्लॅकवेल्स आणि अमेरिकेतल्या केंब्रिजचं हार्वर्ड बुक स्टोअर यांच्याकडेही ते आलं. हार्वर्ड बुक स्टोअर हे नावावरून वाटतं तसं विद्यापीठाचं नाही, १९३२ पासूनचं स्वतंत्र दुकान आहे. तिथल्या गिऱ्हाइकांनी स्पर्धेतून यंत्राचं बारसं केलं: ‘पेज एम. गुटेनबॉर्ग’. शेजारपाजारच्या भागात सायकलवरून त्याच दिवशी पुस्तक पोचवण्याची सोयही दुकानाने केली. घरपोच देण्यात ऑनलाइनवाल्यांशी दोन हात करायची ही तयारी होती.

मग हिशेब समोर आला. २००९ मध्ये गुगलने स्कॅन केलेली, प्रताधिकारमुक्त झालेली वीस लाख पुस्तकं या यंत्रावर छापायला खुली केली. तीनशे पानांच्या पुस्तकाला आठ डॉलर किंमत सुचवली गेली. कागद-टोनर-डिंकाला तीन, एक गुगलला, एक यंत्राच्या कंपनीला. दुकानाकडे तीन डॉलर राहतात. यंत्राची किंमत लाख डॉलरच्या आसपास. तेवढी वसूल व्हायला तेहतीस हजार पुस्तकं छापायला हवीत. पाच वर्षांत करायचं म्हटलं तरी रोज अठरा, तेही रविवार-सुट्टी न धरता. शिवाय डिंक अडकला, पान गुंतलं की निस्तरायला माणूस हवा, त्याचा पगार यात धरलेलाच नाही. ‘मोबी डिक’ची प्रताधिकारमुक्त प्रत छापून घ्यायला रोज अठरा माणसं येतील असं गाव मला तरी माहीत नाही. तीच कादंबरी पलीकडच्या फळीवर पेंग्विनच्या देखण्या आवृत्तीत उभी असते.

लोकांना हवं होतं ते नेमकं यंत्रात नव्हतं. नवी कादंबरी, परवा ज्याचं परीक्षण वाचलं ते चरित्र, मुलाचं क्रमिक पुस्तक, यांच्या फाइली प्रकाशकांच्या हातात होत्या आणि प्रकाशक त्या द्यायला कचरत होते. कंपनीने सांगून पाहिलं की फाइल कुलूपबंद येते आणि प्रत निघाली की यंत्रातून पुसली जाते. तरी भीती गेली नाही. शिवाय साखळी दुकानांना आणि घाऊक व्यापाऱ्यांना दुखवायचं कशाला, हाही विचार असणार. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सने आपली पाचेक हजार जुनी कागदी पुस्तकं दिली, ती मोठी बातमी झाली. यावरूनच बाकीच्यांचा हात किती आखडता होता ते कळतं. छापखाना दुकानात आला, पण छापायची मुभा आली नाही. माझ्या मते या यंत्राची सगळी कथा एवढ्यात आहे.

ऑनलाइनची बाजू आता पाहा. एपस्टाइन व्याख्यानं देत होते त्याच्या दोन वर्षं आधी, १९९७ मध्ये, इनग्राम या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या घाऊक पुस्तकविक्रेत्याने टेनेसी राज्यातल्या ला व्हर्नला, आपल्या गोदामाच्या आवारात, मागणीबरहुकूम छपाई सुरू केली. नाव ‘लायटनिंग प्रिंट’, पुढे ‘लायटनिंग सोर्स’. तंत्र तेच: फाइल, टोनर, डिंक, पातं. फरक जागेचा. इथे प्रकाशकाला नवं काही पटवावं लागत नव्हतं. त्याची पुस्तकं इनग्रामच्या गोदामात आधीपासून होतीच. साठा संपला की फाइल द्या, मागणी आली की छापून पाठवू, एवढंच. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही की हे पुस्तक काल रात्रीपर्यंत अस्तित्वातच नव्हतं. पडद्यावर ‘उपलब्ध’ दिसतं, आणि ऑनलाइन दुकानाला तेवढंच हवं असतं. यंत्राचा खर्च एका गावाच्या गिऱ्हाइकीवर न पडता अख्ख्या देशावर पसरतो. तिथे दिवसरात्र चालणाऱ्या यंत्राला रोजच्या अठरा प्रतींची चिंता नसते.

अ‍ॅमेझॉनने २००५ मध्ये बुकसर्ज ही छपाई कंपनी विकत घेतली. २००८ मध्ये मागणीनुसार छापणाऱ्या छोट्या प्रकाशकांना निरोप गेले, की तुमचं पुस्तक आमच्या पानावर थेट विकायचं असेल तर छपाईही आमच्याकडूनच करून घ्या, नाहीतर खरेदीचं बटण निघेल. मेन राज्यातल्या बुकलॉकर या लहानशा कंपनीने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा ठोकला. २०१० मध्ये तडजोड झाली. बुकसर्जचं पुढे क्रिएटस्पेस झालं आणि २०१८ मध्ये तेही किंडलच्या प्रकाशनसेवेत विलीन झालं. आज स्वतःचं पुस्तक काढणारा जगातला कुणीही माणूस पदरचा पैसा न घालता तिथे फाइल चढवतो, आणि प्रत विकली गेली की छपाई वजा जाऊन मानधन मिळतं.

मग तोच लेखक कौतुकाने गावातल्या पुस्तकांच्या दुकानात जातो. ‘माझं पुस्तक ठेवाल का?’ दुकानदार प्रत उलटसुलट करतो, शेवटचं पान बघतो. तिथे छपाईचं ठिकाण आणि तारीख असते, ती तीन दिवसांपूर्वीची. एरवी प्रकाशकाकडून त्याला चाळीस टक्क्यांच्या वर सूट मिळते आणि न खपलेलं परत करता येतं. मागणीनुसार छापलेल्या पुस्तकावर सूट बहुधा त्याहून कितीतरी कमी आणि परतीची सोय नाही. वर ते ज्याने छापलंय तो त्याचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी. दुकानदार नाही म्हणतो. लेखक खट्टू होऊन बाहेर पडतो आणि मित्रांना ऑनलाइन दुवा पाठवतो. जे तंत्र स्वतंत्र दुकानाला तारणार होतं, तेच दुकानाला वळसा घालून जाण्याचा रस्ता झालं.

एस्प्रेसो यंत्र ज्या दुकानांत काही वर्षं टिकलं तिथे ते याच लेखकांच्या जिवावर. लोक आजोबांच्या आठवणी, गावच्या चर्चचा इतिहास, आईच्या पाककृती, पहिली कादंबरी घेऊन आले. वॉशिंग्टनच्या पॉलिटिक्स अँड प्रोजमध्ये, न्यूयॉर्कच्या मॅकनॅली जॅक्सनमध्ये यंत्राशेजारी एक माणूस बसायचा. तो फाइल तपासून द्यायचा, समास कुठे कमी पडतोय ते दाखवायचा, मुखपृष्ठावरचं अक्षर मोठं करायला सांगायचा. संकेतस्थळावर ही कामं स्वतःची स्वतः करावी लागतात आणि बहुतेकांची तिथेच फसगत होते. दुकानाने विकलं ते छपाईपेक्षा हे शेजारी बसणं. पण त्यावर लाख डॉलरचं यंत्र पोसलं जाईना, आणि एकेका दुकानातून ती पारदर्शक पेटी हलली.

एक अपवाद नोंदवायला हवा, पॅरिसचा. प्रेस युनिव्हर्सिटेअर द फ्रान्स या १९२१ पासूनच्या विद्यापीठीय प्रकाशनसंस्थेचं सॉर्बोनसमोर प्रशस्त दुकान होतं. भाडं झेपेना म्हणून ते बंद झालं आणि तिथे कपड्यांचं दुकान आलं. २०१६ मध्ये संस्था त्याच भागात, लॅटिन क्वार्टरमध्ये, परतली. जागा चिमुकली, साठा जवळजवळ नाही, एस्प्रेसो यंत्र, टॅबलेट आणि कॉफी. इथे दोन गाठी आधीच सुटलेल्या होत्या. पहिली, प्रकाशक आणि दुकानदार एकच, त्यामुळे ‘क से-ज?’ या गाजलेल्या ज्ञानमालिकेसकट घरच्या पुस्तकांच्या फाइलींसाठी कुणाची मनधरणी नाही. दुसरी गाठ कायद्याने सोडवलेली. फ्रान्समध्ये १९८१ च्या लांग कायद्याने पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि कुणालाही पाच टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही. दुकानात आणि ऑनलाइन किंमत सारखीच. २०२३ पासून तर पस्तीस युरोंखालच्या ऑनलाइन मागणीवर किमान तीन युरो टपालखर्च आकारावाच लागतो. व्हरमाँटच्या दुकानदाराला यातलं काहीच मिळालं नव्हतं.

अमेरिकी स्वतंत्र दुकानं तरीही संपली नाहीत, उलट २००९ नंतर वाढली. बॉर्डर्स ही साखळी २०११ मध्ये बुडाली त्याचा हातभार लागला, आणि कार्यक्रम, वाचकमंडळं, गावाची आपुलकी यांचाही. २०२० मध्ये ‘बुकशॉप डॉट ऑर्ग’ निघालं. वाचकाने आपल्या दुकानाच्या नावाने तिथे मागणी नोंदवली की छापील किमतीच्या तीस टक्के रक्कम त्या दुकानाला मिळते. पुस्तक पाठवतं कोण? इनग्राम. म्हणजे दुकान गावात, छपाई गोदामात, अशी विभागणी झाली. एपस्टाइन २०२२ मध्ये वारले. त्यांचं अर्धं भाकीत खरं ठरलं होतं, एकेक प्रत छापली जात होती. फक्त दुकानात नव्हे.

आपल्याकडे हे तंत्र कधीच आलं आहे. बंगळुरूची ‘पोथी डॉट कॉम’ २००८ पासून चालते. मुंबईच्या रेप्रो इंडियाने इनग्रामशी हातमिळवणी करून परदेशी पुस्तकं इथेच एकेक प्रत छापायला सुरुवात केली. मराठी प्रकाशकही हजाराच्या आवृत्तीऐवजी डिजिटलवर शंभर-दोनशे प्रती काढतात. मराठीची अडचण निराळी, ती फाइलची. पंचवीस वर्षांपूर्वीचं पुस्तक श्रीलिपी फाँटमध्ये, पेजमेकर या सॉफ्टवेअरवर लागलेलं असतं. छपाईला गेलं ते ट्रेसिंग कागदावर. पीडीएफ केलीच नव्हती, आणि जी फाइल होती ती डीटीपीवाल्याच्या बंद पडलेल्या संगणकात. त्याच्याही आधीचं असेल तर खिळ्यांवर जुळवलेलं, म्हणजे हातात फक्त पिवळी प्रत. ती स्कॅन करा किंवा पुन्हा टाइप करून प्रुफं वाचा, याला तिसरी वाट नाही. न्यू जर्सीतल्या मराठी वाचकाला पुस्तकापेक्षा टपाल महाग पडतं. फाइल असेल तर त्याची प्रत तिकडेच छापता येईल. पण असायला हवी.

आणि एक धोका आहे, त्याबद्दल लेखकांनी सावध असावं. पूर्वी आवृत्ती संपली, प्रकाशक पुन्हा काढेना, की लेखक हक्क परत मागू शकत असे. मागणीनुसार छपाईत पुस्तक कधी संपतच नाही. वर्षाला दोन प्रती निघाल्या तरी ते ‘उपलब्ध’. २००७ मध्ये सायमन अँड शुस्टरने करारातून किमान विक्रीची अट काढायचा प्रयत्न केला तेव्हा अमेरिकेच्या ऑथर्स गिल्डने जाहीर ओरड केली आणि प्रकाशकाला माघार घ्यावी लागली. आपला १९५७ चा प्रताधिकार कायदा लेखकाला बराच आधार देतो. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. पण करारात ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व स्वरूपांत’ असं छापलेलं असलं आणि खाली आपली सही असली, तर हा आधार उरत नाही. तेव्हा पुढचा करार समोर आला की तीन गोष्टी लिहून घ्या: मुदत किती वर्षांची, वर्षाला किमान किती प्रती खपल्या नाहीत तर हक्क परत मिळतील, आणि छपाईला गेलेली अंतिम पीडीएफ, मुखपृष्ठासकट, लेखकाला मिळेल. तिसरी तर आजच मागा, पुस्तक जुनं असलं तरी.